तिच्या नावाने बोललेले नवस

वहिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी लाखनीला आमच्या दुकानात बसले होते. ट्रकच्या सुट्या भागांचं दुकान आहे आमचं, अगदी हायवेला लागून, त्यामुळे फोनवर बोलायचं तर दुसऱ्या कानात बोट घालावं लागतं. तिकडून दादा बोलत होता, माझा मधला भाऊ. "शोभा, तुझी वयनी पायरीवर बसली तं उठूनच नाई राहिली." मी म्हटलं, तोंडावर पाणी मार. "मारलं." हलवून पाहा. "हलवलं नं बाई…" पुढे नुसता वारा ऐकू येत होता आणि मागे कोणीतरी देवळाची घंटा वाजवत होतं. फोन बंद झाला तरी मी कानात बोट घालून तशीच उभी होते. गिऱ्हाईक समोर काहीतरी मागत होतं, माझे मिस्टर मला काहीतरी विचारत होते, आणि मला एवढंच कळत होतं की हे होणार हे मला माहीत होतं. दिवाळीपासून माहीत होतं.

माहेरी सानगडीला पोचले तोवर तिला घरी आणून ओसरीत ठेवलं होतं. बायका जमल्या होत्या. त्यांच्यात शिरताना पहिलं वाक्य कानावर पडलं ते असं, "सोनं झालं वं तिचं! मायच्या दारात गेली. असं मरन कोनाच्या नशिबी येते?" त्या दिवशी ते वाक्य मी किती तोंडांतून ऐकलं! भेटायला येणारा प्रत्येक जण तेच घेऊन यायचा. मोठमोठी शिकलेली माणसंसुद्धा. पुण्यवान होती, भाग्यवान होती, देवीनं स्वतः पदरात घेतलं. कान किटले माझे. एकानेही असं विचारलं नाही की हृदयाच्या झटक्यातून उठलेली, दोन जिने चढायची मनाई असलेली साठीची बाई चैत्राच्या उन्हात अनवाणी देवीच्या त्या पहाडीवर करत काय होती. म्हणून हे लिहायला बसले आहे. राग धरून स्मृतिलेख लिहू नये म्हणतात, पण माझ्याकडे सध्या दुसरं काही शिल्लक नाही.

सुलोचना वहिनी आमच्या घरात आली तेव्हा मी शाळेत होते. नणंद-भावजयींचं जे काही लोक सांगतात ते आमच्या वाट्याला आलं नाही, कारण मी भांडायला तयार असायचे आणि तिला वेळ नसायचा. घरी धानाची शेती, दारात बैल, माणसांचा राबता. ती पहाटे उठायची, आंघोळ करून देवापुढे दिवा लावायची आणि मग देवीशी बोलत बसायची. पुटपुटणं नव्हे ते, चांगलं ऐकू येईल असं बोलणं. आज रोवणा आहे, धान लावायला बाया येणार आहेत, पाऊस येवाचा असन तं दुपारनंतर येऊ दे. माझ्या जितूचा पेपर आहे, तो घाबरट आहे, तुले तं माहीतच आहे. गायीचा पाय सुजला आहे. मोठ्या जावेनं काल उगाच तोंड सोडलं, मी काही बोललो नाही, पण मले राग आला. सगळं असं. घरातल्या पुरुषांना हा प्रकार गमतीचा वाटायचा. दादा तर ओसरीतून ओरडायचा, "झाली काय तुमची मीटिंग?" ती आतून म्हणायची, "तुमचाच विषय चालू आहे." एकदा मी तिला विचारलं, वयनी, तू एवढं सगळं सांगतेस, मग मागतेस कधी? ती वाती वळत होती. म्हणाली, "मी काई मांगत नाई. सांगून ठेवतो फकत. मायले लेकीचं घर कसं चाललं ते माहीत असावं नं. द्यायचं असन तं देईल, नाई तं नाई देईल, पन माहीत तं असावं!" देवाला हाक मारण्याचा अर्थ मी पुढे पुष्कळांच्या तोंडून ऐकला. प्रवचनं ऐकली, पुस्तकं वाचली. याहून शहाणपणाचं काही कानावर आलं नाही.

तिला झटका आला तो मंडईच्या दिवशी. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते, जत्राच ती, त्या दिवशी घरात पाहुण्यांचा पूर असतो. वहिनी सकाळपासून वडे तळत होती. छातीत जड वाटायला लागलं ते तिने कोणाला सांगितलं नाही. सगळे जेवून उठले, तेव्हा म्हणाली, "मले जरा कसंतरीच होऊन राहिलं." भंडाऱ्याला नेलं, तिथून नागपूरला. आत तिच्यावर इलाज चालू होता आणि आम्ही बाहेर बाकांवर. दादा भिंतीला कपाळ टेकून लहान मुलासारखा रडत होता. त्याचं प्रेम खोटं होतं असं मी कधीच म्हणणार नाही. खोटं असतं तर बरं झालं असतं, राग करायला सोपं गेलं असतं.

त्या बाकावर मी देवीला हाक मारली. "वाचव गं माय," एवढंच. पुन्हा पुन्हा तेच. शेजारी आमची मोठी वहिनी बसली होती, थोरल्या भावाची बायको. भाऊ जाऊन वर्षं झाली, घरातल्या रीतीभाती आता तिच्याच हातात आहेत. तिने मला कोपराने ढोसलं. "अशी कोरडीच हाक मारतेस काय शोभा? काई बोल तं खरी. कोरड्या हाकेले कोन येते?" म्हणजे नवस बोल. काहीतरी कबूल कर, तरच वरचा ऐकेल. मला काही सुचलं नाही. डोकंच चालत नव्हतं. पण बाकीच्यांचं चालत होतं. दादाने भिंतीपासून कपाळ उचललं, हात जोडले आणि मोठ्याने म्हणाला, "पहाडीवरच्या माय, इले उठव. घरापासून अनवाणी चालत तुझ्या पायरीवर आणीन इले." मोठीने मारुतीला साकडं घातलं, सुलोचना बरी झाली तर देवळाभोवती लोटांगण घालेल. जितूच्या सासूबाई, आमची मोहाडीची विहीणबाई, फोनवरून सोमवार बोलल्या, निर्जळी. जितूने त्याच्या नागपूरच्या कोण्या गुरुजींना विचारून हवन ठरवलं, आईने स्वतः बसायचं. सगळे रडत होते, सगळे मनापासून बोलत होते. आणि एकाच्याही ध्यानात आलं नाही की जो तो तिचंच अंग पणाला लावतो आहे! पाय तिचे, पोट तिचं, पाठ तिची. आत ती बेशुद्ध पडली होती आणि बाहेर आम्ही तिचे एकेक अवयव देवांना वाटून टाकत होतो.

आमच्याकडची रीतच तशी आहे. ज्याच्यासाठी नवस बोलला त्याने तो फेडायचा. लेकराचं जावळ बोललं तर लेकराचेच केस जाणार, ते ठीक आहे. पण हीच रीत म्हाताऱ्या, आजारी माणसाच्या डोक्यावर किती सहज बसते ते मला तोवर कळलं नव्हतं. शब्द आपण द्यायचा, तो पाळायचा दुसऱ्याने, आणि वर भक्ती आपल्या नावावर.

वहिनी वाचली. घरी सोडताना डॉक्टरांनी दादाला आणि जितूला समोर बसवून सांगितलं होतं की हृदय फार अशक्त झालंय, चढउतार नको, उपास नको, मीठ कमी, गोळ्या वेळेवर. दोघांनी माना डोलावल्या. घरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात मोठी आली आणि खाटेशी बसून म्हणाली, "माझ्या मारुतीनं आनलं तुले वापस." विहीणबाई मोहाडीहून आल्या, त्यांचं म्हणणं महादेवाने आणलं. दादाला तर शंकाच नव्हती. वाचवणारे इतके झाले की इलाज करणाऱ्यांचं नावही कोणी घेईना. मी म्हटलं, एखाद्याने मीठ सोडायचा नवस बोलायचा होता, तेवढा एक तरी तिच्या तब्येतीला मानवला असता. कोणी हसलं नाही. वहिनी हसली.

मला वाटलं होतं ती टाळेल. ती कोणाला नाही म्हणायची नाही, पण गोष्टी विसरल्यासारखं करायची कला तिच्यात होती. इथे तसं झालं नाही. थंडीत तिने सोमवार धरले. पाण्याचा थेंब नाही म्हटल्यावर गोळ्या कशा घेणार? त्या दिवशी गोळ्याही नाहीत. दुसऱ्या दिवशी पाय सुजायचे. हवनाच्या धुरात ती धाप टाकत बसून राहिली आणि जितू तिचे फोटो काढत होता. मारुतीच्या देवळाला लोटांगण घालताना अर्ध्यात तिला घेरी आली, तेव्हा मोठी म्हणाली, घाई नाही, उरलेलं सवडीने कर. आणि हे सगळं करताना तिच्या तोंडावर आनंद नव्हता हो. भक्तीत रंगलेली बाई मी पाहिलेली आहे, रोज पहाटे पाहिलेली आहे. ही उधारी फेडत फिरणारी बाई होती.

संपूर्ण गावात एकच माणूस मला वेगळा आढळला. चक्कीवाला भोजराम. त्याच्या बायकोच्या बाळंतपणात वहिनी रोज डबा घेऊन जायची, ते तो विसरला नव्हता. वहिनी दवाखान्यात होती तेव्हा त्याने खर्रा सोडला, तंबाखू-सुपारीचा तो तोबरा. आमच्या भागात खर्रा सोडणं म्हणजे काय हे इथल्या माणसालाच कळेल. लोक घर सोडतील. त्याने कोणाला सांगितलंही नाही. वहिनी गहू दळायला गेली तेव्हा तिनेच ओळखलं, "भोजराम, तोंड रिकामं कसं?" तो लाजला. "तुमच्यासाठी बोललो होतो, काकू." ती घरी येऊन मला फोनवर सांगताना रडली. बाकीच्या नवसांबद्दल बोलताना तिला कधी रडू आलं नव्हतं.

पहाडीचा नवस उरला होता. मी दादाला सांगितलं, समजावलं, मग भांडले. तो म्हणाला, "मायले शब्द देल्ला आहे." मी म्हटलं, दिलास तू, तर तू जा. "जिचा जीव वाचला तिनंच जावाचं असते." मग गाडीने ने. "अनवाणी चालत म्हटलं होतं मी." त्याच्या चेहऱ्यावर खरीखुरी भीती होती. शब्द मोडला तर देवी दिलेलं परत घेईल, ही भीती. डॉक्टरांच्या शब्दाची नव्हती, कारण डॉक्टर काही परत घेत नाहीत, नुसतं सांगतात. शेवटी मी वहिनीलाच गाठलं. परसदारी तांदूळ निवडत बसली होती. म्हटलं, तू नाही म्हण, सगळ्यांची तोंडं मी बंद करते. तिने सूप खाली ठेवलं. "शोभाबाई, शब्द कोनी का देल्ला असन, नाव तं माझं गेलं नं. माय माझी वाट पाहून राहिली असन. तिले काय माहीत या लोकायनं मले विचारलं नाई म्हून?" मी म्हटलं, तू रोज पहाटे सगळं सांगतेस, हेही सांगून टाक की! तिने सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला. मग म्हणाली, "आता सांगनं होत नाई. बसलो का उधारी आठवते. जिच्याशी बोलत होतो तिलेच तोंड चुकवाची पाळी आली…" आणि पुन्हा सूप उचललं.

हे मात्र मी त्यांना कधीच माफ करणार नाही. ती तशीही किती दिवस काढणार होती मला माहीत नाही, हृदय थकलेलंच होतं. पण चाळीस वर्षांची तिची एक बोलायची जागा होती, आणि ती त्यांनी तिच्या भल्यासाठी, हात जोडून, डोळ्यांत पाणी आणून मोडली.

त्या दिवशी ती उजाडताना निघाली. दादा सोबत होता, मोटारसायकलवर, पाण्याचा कॅन घेऊन. पुढे जायचा, झाडाखाली थांबायचा, ती आली की पाणी द्यायचा, पुन्हा पुढे जायचा. उन्हाळी धानाच्या बांध्या संपून मुरमाचा रस्ता लागला तेव्हा ऊन चढलं होतं. वाटेतल्या एका गावातल्या बाईने तिला चपला देऊ केल्या, तिने घेतल्या नाहीत. हे सगळं मला दादानेच सांगितलं, अभिमानाने. पहाडीच्या पायथ्याशी गाडी लावली आणि दोघे पायऱ्या चढायला लागले. अर्ध्यावर ती बसली. पुढचं मी वर सांगितलंच आहे. तिचे तळपाय मी शेवटची आंघोळ घालताना पाहिले. ते इथे लिहीत नाही.

तेरवीला पुन्हा सगळे जमले. पुरुषांच्या पंगतीची ताटं ओसरीत मांडली होती, कोहळ्याची भाजी झाली होती, सुवाऱ्या, म्हणजे पुऱ्या, तळणं चालू होतं. आम्ही बायका स्वयंपाकघरात, दादा उंबऱ्याशी पाटावर बसलेला. तेवढ्यात मोठीने विषय काढला. पहाडीचा नवस अपुरा राहिला, दर्शन झालंच नाही, वर पोचलीच नाही ती. असं राहिलं तर जीव घुटमळतो. म्हणजे बघा, ओसरीत सांगायचं तेव्हा ती देवीच्या दारात गेलेली पुण्यवान होती, आणि स्वयंपाकघरात हिशेब लागला तेव्हा अर्ध्या पायरीवरची बाकीदार! "आता ते सुनेनं पुरं करावं," मोठी म्हणाली. विहीणबाईंनी, म्हणजे त्या सुनेच्या सख्ख्या आईने, मान हलवली. सून प्रणाली तिथेच बसून कोशिंबीर कालवत होती. तिला दिवस गेलेले आहेत, हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं.

प्रणाली तशी अबोल आहे. नागपूरला नोकरी करते, सणावाराला येते, सांगितलं ते करते. तिने हात धुतले, पदराला पुसले आणि शांतपणे विचारलं, "माझ्या नावानं कोणी काही बोलून ठेवलं आहे का? असेल तर आत्ताच सांगा."  मग मी पाहिलं तर दादा जमिनीकडे बघत होता.

"बाबा?"

"बोललो मी," तो म्हणाला.

"कधी?"

"तिथंच. थे बसली… तिच्या तोंडातून शब्द निघून नाई राहिला होता. मी घाबरलो. वर पळालो मायपाशी. म्हटलं, इले उठव, मी सूनबाईले अनवाणी आनतो तुझ्याकडं." त्याने डोळे पुसले. "घंटा वाजवली, जेवढा जोर होता तेवढ्यानं हाका मारल्या मायले. खाली आलो तं…"

 मी मंडईच्या दिवसापासून याच्याशी भांडत आले, पण हे मला ठाऊक नव्हतं. गाडी पायथ्याशी उभी होती. फोन त्याच्या खिशात होता. पायऱ्यांवर येणारी-जाणारी माणसं असणार. आणि तो वर पळाला.

"म्हणजे आई तिथं एकट्या होत्या," प्रणाली म्हणाली. तिचा आवाज जरासुद्धा चढला नव्हता. "त्यांनी तुम्हाला हाक मारली असेल नं, बाबा. तुम्ही वर होते."

दादा रडायला लागला. त्या दवाखान्यात रडला होता तसाच, अगदी मनापासून. मोठी त्याला उठवून बाहेर घेऊन गेली. विहीणबाई लेकीकडे न बघता त्यांच्या मागोमाग गेल्या. सुवाऱ्या तळणाऱ्या बाईनेही गॅस बारीक केला आणि ती परसात जाऊन उभी राहिली.

आमच्या स्वयंपाकघरात मागच्या दाराशी एक जागा आहे. तिथून परस दिसतं, वारा येतो, आणि कोणी हाक मारली तर चटकन उठता येतं. वहिनी आयुष्यभर तिथे जेवली, सगळ्यांचं झाल्यावर, एक पाय दुमडून आणि एक उभा ठेवून. ती गेल्यापासून तिथे कोणी बसत नव्हतं, ताटंवाट्या नेतानाही बायका ती जागा ओलांडून जात. प्रणालीने पाट घेतला आणि तिथे ठेवला. नीट मांडी घालून बसली. मला म्हणाली, "आत्या, मला वाढा. सकाळपासून काही खाल्लं नाही." आमच्याकडे तेरवीला पुरुषांची पंगत उठल्याशिवाय घरच्या बाईच्या तोंडात घास जात नाही. मी भात वाढला, वरण वाढलं, वर तूप घातलं, आणि तिच्यासमोर तशीच खाली बसले.

ओसरीतून आवाज आला, "अवो, वाढाले या नं कोनी! पंगत बसली आहे." थोड्या वेळाने पुन्हा आला, जरा चढा. मग मोठीने माझं नाव घेऊन हाक मारली, मग प्रणालीचं. प्रणाली सावकाश जेवत होती. आम्ही दोघींनी ओ दिली नाही.